दर पावसाळ्यात काळं पडणारं सागवानी दार: आधी डाग वाचा, मग पॉलिशला हात लावा

मे महिन्यात दारं-खिडक्यांना चकचकीत पॉलिश करून घ्यावं आणि गणपतीला घर उघडावं, तर खालचा हातभर भाग काळा, कडीभोवती निळसर काळं वर्तुळ आणि मधेच पॉलिशखाली पांढरट फोड. कोकणात आणि गोव्यात ही तक्रार दरवर्षीची. उपायही दरवर्षी तोच होतो: घासा आणि वरून पुन्हा पॉलिश मारा. डाग मात्र पुढच्या आषाढात त्याच जागी हजर. पॉलिश बदलून, महागातलं आणून किंवा एक हात जास्त मारून यात फरक पडत नाही. पाणी कुठून लाकडात शिरतंय ते काळेपणाच्या आकारावरून कळतं. ती वाट तशीच ठेवून वरून कितीही हात मारले तरी फुकट.

पहिली तपासणी: तळकड

दार अर्धं उघडा, खाली बसा आणि दाराच्या तळकडेवरून बोटाचं टोक फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत लागलं, करवतीचे किंवा रंध्याचे ओरखडे जाणवले, तर निम्मं निदान झालं. दार पावसात फुगतं, घासायला लागतं, मग सुतार ते उतरवून तळ रंधून देतो आणि तसंच टांगतो. त्या कोऱ्या कडेला पुन्हा कोणी काही लावत नाही, कारण ती दिसत नाही.

लाकूड आडव्या अंगाने पाणी हळू पितं, पण रेषांच्या टोकाकडून, म्हणजे कापलेल्या तोंडातून, कित्येक पट वेगाने ओढून घेतं. दाराच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांची अशी तोंडं नेमकी तळाशी येतात. खालच्या आडव्या पट्टीची तोंडं जोडात बुजलेली असतात. म्हणून तळाची ओल दोन्ही कोपऱ्यांतून ज्योतीसारखी वर चढते आणि मधला भाग बराच काळ स्वच्छ राहतो. असा आकार दिसला की पॉलिशवाल्याशी वाद घालू नका, तळ बंद करा.

बाकीचे डाग कसे ओळखायचे

लाकूड सगळीकडून सारखं राखाडी झालं असेल आणि हाताला जरा लवदार लागत असेल, तर ते उन्हाचं काम. उन्हातले अतिनील किरण पेशींना धरून ठेवणारं लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी तंतू उरतात. हा थर मिलिमीटरभरही खोल नसतो. पण त्याच्यावर पॉलिश केलं तर ते त्या सैल तंतूंना चिकटतं, लाकडाला नाही. पुढे पोपडे निघतात तेव्हा पोपड्याच्या मागच्या बाजूला राखाडी लव दिसते. तशी दिसली की घासणं अपुरं झालं होतं असं समजा.

बारीक काळे ठिपके, विशेषतः उत्तरेकडच्या किंवा झाडाखालच्या खिडक्यांवर, म्हणजे बुरशी. घर महिनोन्महिने बंद राहत असेल तर ती आतूनही धरते. खिळा, स्क्रू, बिजागरी किंवा कडी-कोयंड्याभोवती निळसर काळी प्रभा आणि खाली ओघळ, म्हणजे लोखंड. लाकडातलं टॅनिन आणि गंजातलं लोह ओलाव्यात भेटले की जवळजवळ शाईच तयार होते. साग त्या मानाने सौम्य, ऐनाचं लाकूड यात फार वाईट काळवंडतं.

दोन्हींत शंका असेल तर थेंबाची चाचणी करा. डागावरचं पॉलिश इंचभर खरवडून काढा. एका जागी घरातल्या ब्लीचचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा, थेंब टाका. दोन मिनिटांत डाग उडाला तर बुरशी. काहीच फरक नाही तर वीतभर अंतरावर, वेगळ्या जागी, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचा थेंब टाका. आता फिकट झाला तर लोखंडाचा डाग. दोन्हींनी हलला नाही तर बहुधा जुनं तेल आणि धूळ एकत्र घट्ट बसली आहे, ती खरवडूनच निघेल. दोन थेंब एकाच जागी टाकू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि पुढे बादलीभर द्रावणं वापरायची आहेत तेव्हा ही चूक छातीवर बेतू शकते.

शेवटची तपासणी अरीची. उंबरठ्याजवळची चौकट, खिडकीची खालची पट्टी आणि जोड इथे अरी किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तीन-चार मिलिमीटर सहज आत गेला आणि काढताना लाकूड तुसासारखं निघालं, तर तिथे धुण्या-घासण्याचा प्रश्न नाही. तो भाग कापून नवा जोड घालावा लागेल. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण बाहेरचा फिकट पट्टा टिकत नाही. हल्लीच्या कमी वयाच्या सागात हा पट्टा पुष्कळ येतो, आणि कुजलेली जागा बहुधा तिथेच सापडते.

काम कधी काढायचं

दिवाळी ते शिमगा. पाऊस संपल्यावर लाकूड लगेच कोरडं होत नाही. झडीच्या दिवसांत त्यातला ओलावा अठरा-वीस टक्क्यांवर राहतो, आणि तेल किंवा लाकडात जिरणारं स्टेन (कोणतं ते पुढे येईल) लावण्याआधी तो पंधरा-सोळाच्या खाली यायला हवा. दोन टोच्यांचा ओलावामापक असेल तर तळाशी, मध्ये आणि वर असा तीन ठिकाणी बघा. एकट्या मधल्या आकड्याला अर्थ नाही. मापक नसेल तर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर दारावर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर आणखी आठवडाभर थांबा.

मे महिना सगळ्यांना सोयीचा, कारण सुट्टी असते. पण तापलेल्या फळीवर तेल वरच्यावर साय धरतं, आत जिरत नाही, आणि पुरतं वाळण्याआधीच जूनचा पहिला वळीव येतो. मे महिन्यातच करायचं असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा दारावरचं ऊन उतरल्यावर करा, आणि पावसाआधी किमान तीन आठवडे हातात ठेवा.

जुना थर उतरवणं

आधी थर कशाचा आहे ते बघा. बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घेऊन चोळा. थर चिकट झाला तर लाखेचं पॉलिश, ते स्पिरिटनेच उतरेल. नाही झाला तर एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचा थिनर. त्याने विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). त्याला पेंट रिमूव्हर किंवा हीट गन आणि खरवडणी हवी. बाहेरच्या दारावर लाख किंवा मेलामाईन सापडलं तर आश्चर्य नको, पॉलिशवाले सर्रास लावतात. दोन्ही घरातल्या फर्निचरची. लाख पाण्याने पांढरी पडते आणि मेलामाईनला उन्हात तडे जातात. त्या तड्यांतून शिरलेलं पाणी थराखाली अडकतं, आणि तोच तो पांढरट फोड.

पॉलिश पेपरने थेट थर काढायला जाऊ नका. पेपर दोन मिनिटांत भरतो आणि उरलेला थर कोपऱ्यांत राहतो. पहिले खरवडा, पेपर मागाहून.

तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्या अजिबात वापरायचा नाही. त्यांचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे लाकडात रुततात आणि पहिल्या पावसात दारभर मोहरीएवढे काळे ठिपके उमटतात. मग ते ठिपके बुरशीचे समजून लोक ब्लीच ओततात. नायलॉनचा ब्रश किंवा नारळाच्या काथ्याची घासणी पुरे. गाडी धुण्याचा जेट पंपही शक्यतो लांब ठेवा. घरगुती पंप शंभर बारच्या वर दाब देतात. त्याने लाकडाचा मऊ भाग उडून रेघा उठतात आणि जोडांत पाणी घुसतं. वापरायचाच असेल तर पसरट फवारा, चाळीस बारच्या आत, दीड फुटावरून.

धुणं आणि डाग काढणं

पाच लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. दार आधी साध्या पाण्याने भिजवा, मग खालून वर हे पाणी लावत जा. वरून लावलं तर ओघळ कोरड्या लाकडावर पडून पट्टे उमटतात, ते नंतर निघत नाहीत. दहा मिनिटं थांबून रेषांच्या दिशेने घासा आणि धुवा. साग या टप्प्यावर तपकिरी-काळपट दिसू लागतो. सोड्याने असं होतंच, घाबरायचं कारण नाही.

बुरशी असेल तिथेच ब्लीच: चार-पाच टक्क्यांचं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग. दहा ते पंधरा मिनिटं, मग भरपूर पाणी. जास्त वेळ ठेवलं तर लाकडाचे तंतू उसवतात. सगळ्या दाराला ब्लीच करून एकसारखं उजळ करण्याचा मोह टाळा. ब्लीचने साग पिवळट, निर्जीव दिसतो.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी, ब्लीचचं नाव-निशाण धुऊन गेल्यावर. रसायनांच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ८० ते १०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी किंवा पत्र्याच्या बादलीत केलं तर द्रावण तिथेच खराब होतं. एका बाजूच्या दाराला एक ते दीड लिटर लागतं. ओल्या दारावर ब्रशने सगळीकडे लावा, फक्त डागावर नको, नाहीतर डागाच्या जागी उजळ चट्टा राहतो. पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवा. काळपट साग डोळ्यांदेखत मधासारखा होतो. खिळ्याभोवतीचा हट्टी डाग असेल तर द्रावणात बुडवलेली सुती चिंधी त्याच्यावर अर्धा तास ठेवा. शेवटी तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. वाळल्यावर लाकडावर पांढरे कण चमकले तर धुणं कमी पडलंय, पुन्हा धुवा. तसंच घासलं तर ते कण नाकात जाऊन आग होते. हे अ‍ॅसिड विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा हवेतच, मुलं आणि गुरं लांब हवीत. जांभ्याच्या चिऱ्यांवर पडलं तर तिथला तांबडा रंग उतरतो, म्हणून पायरी आणि जोतं आधी प्लॅस्टिकने झाका.

लोखंडी खिळा तसाच ठेवून डाग काढला तर डाग परत येणार, यात शंका नको. खिळा उपटा आणि त्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घाला. समुद्रालगत ३०४ प्रतीचं स्टीलही डागाळतं, तिथे ३१६ मागा. निघतच नसेल तर खिळा पंचने तीन मिलिमीटर आत ठोकून वर दोन भागांची इपॉक्सी लांबी भरा.

घासणं

तीन-चार दिवस सावलीत वाळल्यावर आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०. इथेच थांबा. तेल लावायच्या लाकडाला २२० किंवा ३२० करून काचेसारखं केलं तर तेल जिरायला जागाच राहत नाही. घासणं पुरलं का, याची परीक्षा सोपी: सेलोटेपचा तुकडा दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपवर राखाडी तंतू आले तर अजून घासा. मग पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात जिरला तर लाकूड तयार आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर जुना थर कुठेतरी शिल्लक आहे.

पाण्याच्या वाटा बंद करणं

हा भाग पॉलिशवाला करत नाही आणि सुतार विसरतो. दार बिजागऱ्यांवरून उतरवा. उतरवल्याशिवाय हे काम होत नाही. तळकड आणि वरची कड अशा दोन्ही कडांना पातळ केलेलं तेल लावत राहा, अर्ध्या-अर्ध्या तासाने, ओढणं थांबेपर्यंत. चार ते पाच हात सहज बसतात. कडीच्या खाचा, कुलपाचं भोक आणि बिजागरीची बसण ही सगळी कापलेली तोंडंच आहेत, तिथेही लावा. पुढच्या वर्षी दार रंधावं लागलं तर त्याच दिवशी तळाला तेल, हा नियम सुताराला आधीच सांगून ठेवा.

दार आणि फरशी यांत सहा ते आठ मिलिमीटर मोकळी जागा हवी. चौकटीचे पाय सिमेंटात पुरलेले असतील तर भोवतालचं सिमेंट छिन्नीने दहा-बारा मिलिमीटर मोकळं करा. ते स्पंजासारखं ओल धरून ठेवतं आणि वाळवीलाही तीच वाट सोयीची. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार असावा आणि तिच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत, सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच असावी. ही खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाने सरकत भिंतीपर्यंत जातं. असेल तर तिथेच तुटून खाली पडतं.

आणि पागोळ्या. कौलांवरून पडणारं पाणी फरसबंदीवर आपटून दीड-दोन फूट उडतं आणि सोबत तांबडी माती आणतं. दाराचा काळा भाग सपाट, आडव्या रेषेत संपत असेल, तर त्याच रेषेपर्यंत शिंतोडे येतात. पन्हळ लावा. ती जमत नसेल तर पागोळ्यांच्या रेषेत दीड फूट रुंद पट्टा खणून खडी भरा. खडीवर पडलेलं पाणी फारसं उडत नाही.

काय लावायचं

उघड्यावरच्या दाराला आमची पसंती रंगद्रव्य असलेल्या, लाकडात जिरणाऱ्या बाहेरच्या वुड स्टेनला. त्यातलं रंगद्रव्य ऊन अडवतं, आणि थर बनत नसल्याने पोपडे निघायला काही उरत नाही. बिनरंगी पीयू दिसतो देखणा, पण ऊन आरपार जातं आणि थराखालचं लाकूड सुटत राहतं. खोल पडवीत, जिथे ना ऊन ना झड, तिथे खुशाल लावा. अळशीचं उकळलेलं तेल स्वस्त आणि जुनं, पण ते बुरशीचं आवडतं खाणं आहे. दमट, सावलीच्या बाजूला नुसतं अळशीचं तेल लावलं की दार काळं होणारच. काजूच्या टरफलाचं तेल कीड आणि पाणी दोन्ही रोखतं, मात्र लाकूड काळंकुळीत करतं, कातडीवर फोड आणतं आणि त्याच्यावर नंतर दुसरं तेल नीट वाळत नाही. ते वाशांना आणि गोठ्याच्या दाराला ठीक.

जुन्या घरांच्या हिरव्या-निळ्या ऑइलपेंटला हल्ली नाकं मुरडली जातात. टिकण्याच्या हिशेबाने मात्र ऑइलपेंट या सगळ्यांना भारी पडतो, कारण ऊन लाकडापर्यंत पोचतच नाही. नैर्ऋत्येकडच्या खिडकीला झडही तिथूनच लागते आणि दुपारचं ऊनही. तिथे सागाच्या रेषा दिसायलाच हव्यात हा हट्ट महाग पडतो.

सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वरचं तेल कधी दिवसेंदिवस चिकट राहतं. तेल लावायच्या अर्धा तास आधी एनसी थिनरच्या फडक्याने दार पुसून घ्या. पहिला हात तेल किंवा स्टेन आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं, किंवा डब्यावर सांगितलं असेल तसं. वीस मिनिटांनी न जिरलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. चिकटपणाची बहुतेक प्रकरणं इथे आळस केल्याने होतात. दुसरा हात चोवीस तासांनी, तसाच पुसून. एका लिटरमध्ये एका हाताचे साधारण शंभर ते सव्वाशे चौरस फूट होतात. सात बाय साडेतीन फुटांचं दार दोन्ही बाजूंनी कडांसह साठ फुटांच्या आसपास जातं, म्हणजे दोन हातांना सव्वा लिटर धरा. सुकलेल्या जुन्या लाकडाला थोडं जास्त.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

नंतर बिघडलं तर

आठवड्यानंतरही चिकट असेल तर टर्पेंटाईनच्या फडक्याने जोर लावून पुसा, वर दुसरा हात देऊ नका. काही पट्टे फिके आणि काही गडद दिसत असतील, तर फिका पट्टा बहुधा सागाचा बाहेरचा पांढरा भाग असतो. त्याला स्टेनचा एक जादा हात द्या, रंग जवळ येईल, तंतोतंत नाही. खिळ्याचं वर्तुळ महिन्याभरात परत आलं तर आत मोडलेला तुकडा राहिलाय, लोहचुंबक फिरवून शोधा.

दर दसऱ्याच्या सुमारास दार साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळल्यावर पाण्याच्या थेंबाची चाचणी पुन्हा करा. पाच मिनिटांत थेंब जिरला तर एक हात लावायची वेळ झाली: ऊन-झडीच्या बाजूला बहुधा दरवर्षी, पडवीतल्या दाराला दोन-तीन वर्षांनी. तेलाच्या दाराला यासाठी घासायचीही गरज नसते. मात्र थेंब दाराच्या मध्यावर टाकून समाधान मानू नका, जमिनीपासून चार बोटं वर टाका. आणि ब्रश हातात आहेच तर तळकडेवरून एकदा फिरवा.